तोट्यातही वाटेकरी

गावाला पैसा कोणी द्यावा, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तो पैसा बुडू लागला तर कोणाचा किती बुडावा, हा विषय मात्र ग्रामसभेत निघत नाही आणि पतसंस्थेच्या वार्षिक सभेतही निघत नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या पतसंस्थेचा हिशेब मी बरीच वर्षे पाहिला. त्या कामात थकबाकीच्या याद्या हाताखालून जात असताना मनात आलेल्या प्रश्नांची काही उत्तरे मला अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे इस्लामी अर्थविचारात सापडली. मी त्या धर्माचा अनुयायी नाही आणि त्या शास्त्राचा पंडितही नाही. हिशेबनीस म्हणून त्यातले जे मला पटले आणि जे पटले नाही, ते येथे मांडतो.

खाणपट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदीचा आदेश दिला. ती बंदी एप्रिल 2014 मध्ये अटींसह उठली, आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा सारे थांबले. या काळात डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खनिज वाहणारे ट्रक दारोदार उभे होते. त्यांतले बहुतेक कर्जावर घेतलेले होते. कोणी बायकोचे दागिने, तर कोणी जमिनीचा तुकडा तारण ठेवला होता. आमच्या वाड्यावरचे एक ट्रकमालक म्हणत, ‘ट्रक उबो रावलो, हप्तो मात रावंक ना.’ सरकारला पुढे खाणग्रस्त कर्जदारांसाठी कर्जसवलतीची योजना आणावी लागली, म्हणजे बुडालेल्या धंद्याचा काही भार अखेरीस सार्वजनिक तिजोरीवर आला.

इस्लाममध्ये व्याज निषिद्ध आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या निषेधामागचा दुसरा नियम फारसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते गावाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. ज्याने नुकसानीची जोखीम उचलली त्यालाच नफ्यावर हक्क, असा तो नियम आहे. पैसा दिला म्हणून तो काळाच्या हिशेबाने आपोआप वाढत नाही. ज्या धंद्यात तो घातला तो वाढला तरच वाढतो. त्यातून भागीदारीचे दोन मुख्य प्रकार निघतात. मुदारबामध्ये एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असतात. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि तोटा आल्यास भांडवल देणाऱ्याचे पैसे जातात, श्रम करणाऱ्याचे श्रम जातात. मात्र त्याने हलगर्जी किंवा लबाडी केली असेल तर भरपाई त्याच्याकडून घेतली जाते. मुशारकामध्ये दोघांचेही भांडवल असते. तेथे नफ्याचे प्रमाण परस्परसंमतीने काहीही ठरवता येते, पण तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच वाटावा लागतो. त्यात तडजोड चालत नाही.

आता हाच नियम ट्रकाला लावून पाहा. ट्रकात भागीदार म्हणून पैसे घालणाऱ्या संस्थेने ट्रकमालकाचा पगारदार जामीनदार शोधण्याआधी खाणीच्या भाडेपट्ट्याची कागदपत्रे मागितली असती. पट्ट्याची मुदत केव्हा संपली, नूतनीकरण झाले आहे का, पर्यावरण दाखला आहे का, हे प्रश्न तिने विचारले असते, कारण खाण थांबली तर आपलाही पैसा थांबणार हे तिला माहीत असते. व्याज आणि तारण हाती असलेल्या सावकाराला तेवढी चौकशी करण्याचे कारण नसते. बँका, पतसंस्था, खासगी वित्तकंपन्या सगळ्यांनीच त्या काळात धंद्यापेक्षा तारण पाहून कर्जे दिली. व्याज पाप आहे की नाही याचा निवाडा मी करणार नाही. पण तोट्यात वाटा नसलेले भांडवल बेफिकीर होते, हे मी खातेवह्यांत पाहिले आहे.

शेतीला लागू पडणारा भाग याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे आंब्याचा मोहोर पाहून कलमे व्यापाऱ्याला देण्याची पद्धत आहे. काजूच्या बागाही हंगामापुरत्या ठरावीक रकमेला दिल्या जातात. मालकाला पैसे आधी मिळतात, म्हणून तो खूश असतो. व्यापाऱ्याने ढगाळ हवा, तुडतुडे, अवकाळी पाऊस या सर्वांची किंमत आधीच वजा करून भाव लावलेला असतो. इस्लामी व्यापारनियमांत फळ धरून पक्व होण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी ते विकण्यास मनाई आहे. ईश्वराने फळच रोखले, तर आपल्या भावाचा पैसा तुम्ही कशाच्या बदल्यात घेणार, असा प्रश्न पैगंबरांनी केल्याचे हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या संग्रहात आहे. ही मनाई वरवर व्यापाऱ्याच्या बाजूची दिसते. खरे पाहता ती दोघांनाही जुगारापासून दूर ठेवते, कारण मोहोरावरचा सौदा हा एकाच्या फसगतीवर दुसऱ्याचा नफा ठरवणारा सौदा असतो.

मग शेतकऱ्याने हंगामाआधी पैसा आणावा कोठून? त्यासाठी सलम हा करार आहे. मदिनेतले लोक खजुराचे पैसे एक-दोन वर्षे आधी देत असत; ते चालू ठेवताना माप, वजन आणि मुदत या तीन गोष्टी निश्चित असाव्यात अशी अट घालण्यात आली. खरेदीदार पूर्ण किंमत कराराच्या वेळीच देतो. शेतकरी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रतीचा, ठरलेल्या वजनाचा माल देतो. यात एका विशिष्ट झाडाचे किंवा विशिष्ट शेताचे पीक लिहिता येत नाही. ‘अमुक प्रतीचे 20 क्विंटल’ असेच लिहावे लागते. आपले पीक बुडाले तर शेतकऱ्याने बाजारातून घेऊन माल द्यावा आणि बाजारातही माल नसेल तर खरेदीदाराने थांबावे किंवा आपली मूळ रक्कम परत घ्यावी. त्या रकमेवर वाढ मागता येत नाही. म्हणजे जोखीम येथेही शेतकऱ्यावर राहतेच, पण तिला एक मर्यादा असते. कर्ज वाढत वाढत जमिनीपर्यंत पोहोचत नाही.

सलमचा व्यवहारात काय अनुभव आला, याचे उदाहरण सुदानमध्ये सापडते. तेथील बँकांनी 1990 च्या दशकात शेतीला मोठ्या प्रमाणावर सलमने पैसा पुरवला. महागाई भडकल्यावर कापणीच्या वेळचा भाव करारातल्या भावाच्या कितीतरी पुढे गेला आणि शेतकरी नाराज झाले. तेव्हा दोन भावांतला फरक एक-तृतीयांशाहून अधिक झाल्यास नुकसान सोसणाऱ्याला दिलासा देण्याचे कलम करारांत घालण्यात आले. नियम धर्मग्रंथातून आला तरी त्याला बाजाराने दुरुस्त करावे लागते, हे मला या उदाहरणात विशेष वाटते.

आणि आता जे मला पटत नाही ते. इस्लामी बँका म्हणून जगभर ज्या चालतात, त्यांच्या व्यवहारात भागीदारीचा भाग थोडा आणि मुराबहाचा मोठा असतो. मुराबहा म्हणजे बँकेने वस्तू विकत घ्यायची, त्यावर नफा चढवायचा आणि ग्राहकाला हप्त्याने विकायची. वस्तू क्षणभर तरी बँकेच्या मालकीची होते, म्हणून तो व्यापार ठरतो. शास्त्रार्थ बरोबर असेल. पण हप्ता भरणाऱ्याला त्यात आणि व्याजात फरक दिसत नाही, आणि ट्रक उभा राहिला तरी हप्ता चालूच राहतो. फरक एवढाच की विलंबामुळे देणे वाढत नाही. तेही कमी नाही, पण ज्या नियमासाठी मी या विचाराकडे वळलो तो येथे हरवलेला असतो.

या विचाराची ग्रामीण सुरुवात मात्र फार वेगळी होती. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मित घम्र नावाचे शहर आहे. तेथे 1963 मध्ये अहमद अल-नज्जार यांनी एक बचत बँक काढली. ते जर्मनीत शिकले होते आणि तेथील स्थानिक बचत बँकांचा नमुना त्यांच्यापुढे होता. बँकेच्या नावात धर्माचा उल्लेख नव्हता, कारण त्या काळच्या राजवटीला तो रुचला नसता. बँकेकडे पाठ फिरवलेल्या शेतकऱ्यांनी तेथे लहान लहान बचती ठेवल्या, त्यांना गरजेला बिनव्याजी कर्ज मिळाले आणि गुंतवणुकीच्या खात्यावर स्थानिक धंद्यांतल्या नफ्याचा वाटा मिळाला. 1967 पर्यंत हा प्रयोग गुंडाळला गेला; तरी आजच्या इस्लामी बँकिंगचा इतिहास सांगताना आरंभ तेथूनच करतात. तो आरंभ शेतकऱ्यांच्या मुलखात झाला, हे मोठ्या शहरांतल्या काचेच्या इमारती पाहून आज कोणाला खरे वाटणार नाही.

पाकिस्तानातली अखुवत ही संस्था 2001 मध्ये लाहोर येथे डॉ. अमजद साकिब यांनी सुरू केली. ती कर्ज-ए-हसना, म्हणजे निव्वळ बिनव्याजी कर्ज देते. कर्जवाटप मशिदीत होते, चर्चमध्येही होते, आणि कर्जदाराचा धर्म विचारला जात नाही. स्वतंत्र कार्यालयांचा खर्च वाचतो हा त्यातला हिशेबी भाग, आणि चारचौघांसमोर घेतलेले पैसे बुडवायला माणूस कचरतो हा दुसरा. साकिब यांना 2021 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गावाच्या निधीचा सर्वांत मोठा प्रयोग पाहायचा तर इंडोनेशियाकडे पाहावे लागते. तेथे 2014 च्या ग्रामकायद्याने केंद्राच्या अर्थसंकल्पातून थेट गावांना पैसा देण्याची तरतूद झाली आणि 2015 पासून सुमारे 75,000 गावांना तो मिळू लागला. कायदा धार्मिक नाही. पण निधीचा विनियोग गावाच्या खुल्या सल्लामसलतीत ठरवावा ही त्यातली अट तेथील मुस्लिम समाजाला आपल्या परंपरेतली वाटते. गावांना स्वतःचे उद्योग काढण्याचाही अधिकार आहे. मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यातील पोंगोक या गावाने आपल्या झऱ्याच्या तळ्यावर पाण्याखाली छायाचित्रे काढण्याची सोय केली आणि गावच्या कंपनीचे उत्पन्न पुष्कळ वाढवले. सगळीकडे असे झाले नाही. पहिल्या वर्षांत बराचसा पैसा रस्ते आणि बांधकामांतच गेला, आणि अनेक गावप्रमुखांवर अपहाराचे खटले झाले. हे वाचताना आपल्या पंचायतींची आठवण न होणे कठीण आहे.

त्याच देशात 2017 पासून धार्मिक शिक्षणसंस्थांच्या परिसरात लहान वक्फ बँका सुरू झाल्या (वक्फ म्हणजे मूळ मालमत्ता कायम राखून तिचे उत्पन्न लोकोपयोगी कामाला देणारे दान). देणगीदारांकडून आलेल्या रकमेचा एक भाग मुदत ठेवीत गुंतवून त्याच्या उत्पन्नावर संस्थेचा खर्च भागवतात आणि उरलेल्यातून गटांना कर्ज देतात. कर्जाची कमाल मर्यादा सुमारे 30 लाख रुपिया, म्हणजे आपल्या 15-16 हजार रुपयांच्या आसपास, आणि सेवाआकार वर्षाला सुमारे 3 टक्के. बिनव्याजी कर्जाबद्दल आपल्याकडे जो पहिला आक्षेप येतो, की मग सचिवाचा पगार कोठून द्यायचा, त्याचे हे सरळ उत्तर आहे. सेवेचा सारा खर्च कर्जदारावर न टाकता त्यातला बराचसा दान दिलेल्या भांडवलाच्या उत्पन्नावर टाकायचा.

वक्फची कल्पना गोमंतकीय माणसाला परकी वाटू नये. पुढे खलिफा झालेले उमर यांना अरबस्तानातल्या खैबर येथे जमीन मिळाली तेव्हा ती विकायची नाही, दान द्यायची नाही, वारसांना वाटायची नाही, आणि तिचे उत्पन्न गरजूंसाठी वापरायचे, असे ठरले. आपल्या गावकरीची, म्हणजे मूळ घराण्यांच्या जुन्या ग्रामसंस्थेची जमीनही अशीच समाईक होती. शेते ठरावीक मुदतीने पावणी (लिलाव) करून कसायला दिली जात. आलेल्या पैशातून आधी बांधांची डागडुजी, मानशींची (बांधांतल्या पाण्याच्या दारांची) देखभाल, देवळाचा खर्च आणि गावच्या सेवेकऱ्यांचा वाटा जाई, आणि उरेल ते गावकऱ्यांमध्ये वाटले जाई. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया यांनी 1526 मध्ये या रूढी लेखी नोंदवल्या, म्हणजे त्या त्याआधीच्या आहेत. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीचा बांध फुटला तर सगळ्यांच्याच शेतात खारे पाणी शिरते. त्यामुळे तोटा वाटून घेणे हा तेथे उपदेशाचा विषय नव्हता, भरती-ओहोटीनेच तो नियम घातला होता. गावकरीचे दोष मला माहीत आहेत. हिस्सा मूळ घराण्यांच्या पुरुषांनाच मिळे आणि चिखलात राबणारा कूळ बाहेरच राही. पुढे कसणाऱ्याला कुळकायद्याने हक्क दिले हे न्याय्यच झाले, पण बांधाची जबाबदारी समाईक ठेवणारी जुनी शिस्त त्या ओघात सैल पडली. वक्फच्या मालमत्तांचेही अनेक ठिकाणी व्यवस्थापकांच्या मनमानीने असेच झाले आहे. समाईक मालमत्तेचा हिशेब दरवर्षी चव्हाट्यावर वाचला गेला नाही की ती कोणत्याही धर्माची असो, हळूहळू चार जणांची होते.

जकात म्हणजे इस्लाममधले सक्तीचे दान. तिचा एक भाग शेतीसाठीच आहे. त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकातून दहावा हिस्सा आणि शेतकऱ्याने स्वतः पाणी देऊन काढलेल्या पिकातून विसावा हिस्सा कापणीच्या वेळी द्यायचा. म्हणजे आपल्या सरद (पावसाळी) शेतीवर 10 टक्के आणि पंप लावून केलेल्या वायंगणावर (उन्हाळी पिकावर) 5 टक्के. ज्याने पाण्यासाठी खर्च केला त्याच्यावरचा भार निम्मा ठेवणारा हा नियम चौदाशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि आजच्या कितीतरी करप्रणालींत एवढाही विवेक दिसत नाही. कोणत्या पिकांवर उश्र लागतो याबद्दल पंथोपंथी मतभेद आहेत. हनफी मताने सुपारी-नारळाच्या कुळागरावरही तो येईल, शाफई मताने साठवणीच्या मुख्य धान्यांवर आणि खजूर-द्राक्षांसारख्या मोजक्या फळांवरच येईल. ज्या गावच्या श्रीमंतांकडून घ्यायचे त्याच गावच्या गरिबांना द्यायचे, हा त्यामागचा संकेत मात्र सर्वमान्य आहे.

भारतात हे सारे किती शक्य आहे? बँकांना नाही. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्यानुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि भागीदारीतही तिला फारसा वाव नाही. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची सोय असावी असे सुचवले होते. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. सहकाराची वाट मात्र मोकळी आहे. देवबंदचा मुस्लिम फंड 1961 पासून आणि नजीबाबादचा 1971 पासून सोने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देत आले आहेत. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने 2016 मध्ये बिनव्याजी ठेवी आणि कर्जांची सोय सुरू केली, आणि तिचे नेतृत्व मुस्लिम नव्हते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून जाहिरात करणारी बंगळुरूची आयएमए ही कंपनी 2019 मध्ये कोसळली तेव्हा हजारो साध्या कुटुंबांची ठेव अडकली. नफा-तोट्यात भागीदारी आहे असे सांगायचे आणि दरमहा न चुकता भरघोस परतावा वाटायचा, ही विसंगती कोणालाच खटकली नाही. खऱ्या भागीदारीत एखाद्या महिन्यात काहीच मिळत नाही.

गोव्यात असे काही करायचे झाले तर मी सत्तरीतल्या काजूपासून सुरुवात करीन. समजा, बी फोडण्या-भाजण्याचे लहान युनिट चार लाखांत उभे राहते. गावच्या निधीने तीन लाख घालावेत आणि महिला गटाने एक लाख. नफा निम्मा-निम्मा, कारण राबणार गट. तोटा तीनास एक. गटाने दरवर्षी आपल्या नफ्यातून निधीचा थोडा थोडा हिस्सा विकत घ्यावा, म्हणजे काही वर्षांत युनिट संपूर्ण गटाचे होईल आणि निधी दुसऱ्या वाड्याकडे जाईल. बागवाल्यांकडून बी सलमने घ्यावी, मार्चमधल्या मालाचे पैसे पावसाळ्यातच द्यावेत, जेव्हा घरात खरी टंचाई असते. कराराचे कागद साक्षीदारांसह व्हावेत. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा, असे कुराणातच विस्ताराने सांगितलेले आहे.

अडचण बोंडूची, म्हणजे काजूच्या रसाळ फळाची आहे. काजूच्या बागेचे उत्पन्न केवळ बीवर चालत नाही. बोंडूच्या रसाचा हुर्राक होतो, हुर्राकाची फेणी होते, आणि भट्टीचा पैसा हा कित्येक घरांत वर्षाचा आधार असतो. इस्लामी नियमाने चालणारा निधी भट्टीत एक रुपयाही घालू शकणार नाही, आणि भट्टीवाल्याला वगळून काजूवाल्यांचा गट बांधणे सत्तरीत जवळजवळ अशक्य आहे, कारण बहुतेक वेळा ते एकच घर असते. मला सुचलेला मार्ग असा की बीचे युनिट आणि भट्टी यांचे हिशेब पूर्ण वेगळे ठेवावेत, आणि निधीने रसाच्या बाजूने काही करायचेच असेल तर ते नीरोसाठी, म्हणजे बोंडूच्या गोड रसासाठी करावे. ताजा, न आंबलेला नीरो कोणत्याही धर्माला चालतो आणि एप्रिलच्या उन्हात त्याला गिऱ्हाइकाची कमतरता नसते. पण तो दिवसाच्या आत आंबू लागतो, म्हणून गावातून पणजी-म्हापशापर्यंत पोहोचत नाही. गोळा करण्याच्या ठिकाणीच थंड करण्याची सोय आणि एक लहान शीतवाहन एवढे भांडवल तेथे लागेल. हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा, त्यामुळे उरलेले वर्षभर ते वाहन दूध, भाजी किंवा मासळीसाठी भाड्याने लावावे लागेल, आणि ते भाडे कोणाच्या वाट्याला किती जाईल हे करारात पहिल्याच दिवशी लिहावे लागेल.